खोकलीचं मूळ

पावसाळा सरत आला की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात तण माजतं. फरश्यांच्या फटींतून, विहिरीच्या कठड्याला लागून, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला, जिथे बोटभर माती मिळेल तिथे. त्यात खोकली सगळ्यांत जास्त. दातेरी पानं, पानांच्या बगलेतून निघालेले हिरवे तुरे, दिसायला अगदी बिनमहत्त्वाची. एका सकाळी जमीन ओली आहे तोवर उपटून टाकावी म्हणून बसले. मुळासकट अलगद निघत होती. ढीग पायरीपाशी टाकत होते, तेवढ्यात केशऱ्या आला. केशऱ्या आणि राखुंडी ही आमची मांजरं, एकाच वेतातली भावंडं, माळ्यावरच्या एकाच फुटक्या सुपात डोळे उघडलेली. केशऱ्याने ढिगाचा वास घेतला आणि त्याचं भानच सुटलं. मुळांवर गाल घासले, हनुवटी घासली, लाळ गळेपर्यंत चघळलं, मग पुढच्या पायांत एक जुडी धरून पाठीवर लोळत मागच्या पायांनी तिला लाथा झाडायला लागला. चिखलाने नारंगी रंग गेला, तरी त्याला पर्वा नाही. राखुंडी मागून आली. तिने एकदाच हुंगलं. मग हातभर अंतरावर जाऊन पाय अंगाखाली घेतले, मान ताठ ठेवली, डोळे अर्धे मिटले आणि बसून राहिली. धुणीभांडी करायला येणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून हा तमाशा बघत होत्या. “दीदी, इसकी नाक बंद है क्या?” त्यांनी राखुंडीकडे बोट दाखवून विचारलं. ओसरीवर खुर्चीत बसलेली आई म्हणाली, “तिला काय कळून राहिलंय? ठोंबी आहे ती.”

ठोंबी. हा शब्द याच अंगणात मी लहानपणी ऐकला होता, आणि तो मांजरीला उद्देशून नव्हता.

आईला काही बोलले नाही. पण दिवसभर काम करताना राखुंडीचं ते बसणं डोळ्यांपुढून जाईना. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे अशा वेळी पुस्तकं काढायची खोड आहे. मांजरांचं हे वेड परदेशात कॅटनिप नावाच्या झाडासाठी प्रसिद्ध आहे. पुदिन्याच्या कुळातलं झाड, त्यात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य. सगळी मांजरं त्याला भुलत नाहीत. साधारण तीनातली दोन लोळतात, तिसरं बघत बसतं. पिल्लांना तर पहिले काही महिने काहीच होत नाही. १९६२ साली नील टॉड या अमेरिकन संशोधकाने मांजरांची घराणी तपासली आणि हे लोळणं एका प्रभावी जनुकाबरोबर आईबापांकडून येतं असं मांडलं. पुढे ते इतकं सरळ नसल्याचं दिसलं. एकाच्या जागी अनेक जनुकांचा हात निघाला. पण रक्तातून येतं, एवढं टिकलं. आपल्या खोकलीच्या मुळांतही त्याच जातकुळीची द्रव्यं असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी शोधलं आहे. त्यांना भटक्या मांजरांना आमिष दाखवायचं होतं. आणि जपानात २०२१ मध्ये अशाच एका वेलीवर काम झालं, तेव्हा कळलं की पानांवर तोंड घासणाऱ्या मांजरांच्या रक्तात सुखाची रसायनं वाढतात आणि त्यांच्या तोंडावर डासही कमी बसतात. म्हणजे केशऱ्याचं हे लाजिरवाणं प्रकरण काही अंशी ओडोमॉस लावणं होतं. भाद्रपदात आमच्या अंगणात संध्याकाळी बसून दाखवा, मग त्याला हसा.

मला अडकवून ठेवलं ते मात्र २०१७ च्या एका अभ्यासाने. मेक्सिकोतल्या संशोधकांनी कॅटनिपपुढची मांजरं नुसती “लोळली की नाही” अशी न मोजता नीट निरखली. जी लोळत नव्हती ती बसत होती. एका विशिष्ट बैठकीत, पाय दुमडून, कमी हालत, कमी आवाज करत. त्यांचं म्हणणं असं, की हाही प्रतिसादच आहे, शांत प्रकारचा. वर्षानुवर्षं ज्यांच्यापुढे “नाही” अशी खूण केली गेली, त्यांतल्या कितींच्या नाकापर्यंत तो वास व्यवस्थित पोचला असेल कोण जाणे. रकानाच लोळण्याचा होता.

आता माई आत्या. बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आली आणि मग याच घरात राहिली. मला आठवते ती विटकी नऊवारी, कोपरापर्यंत ओले हात, आणि कधीही वर न झालेला आवाज. तिच्याबद्दल घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: माईला वास येत नाही. याला पुरावा एकच. ती नवी नवरी असताना सासरी चुलीवरचं दूध करपलं आणि ती शेजारीच बसून होती. सासूने ती कथा माहेरी पाठवली, माहेरने ती जपून ठेवली. पुढे घरात जे जे घाण असे ते माईच्या वाट्याला आलं. मोरी तुंबली, माईला बोलवा. गव्हाच्या कोठीमागे उंदीर मरून पडला, माईला सांगा, तिला काय, वास येतो थोडाच. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं. मे महिन्यात खान नदीकडून वारा सुटला की आम्ही दारं-खिडक्या लावून पंख्याखाली बसायचो, आणि मागच्या बाजूची खोली, जिची खिडकी नीट लागतच नसे, ती माईची. कोणी दुष्टपणाने केलं असंही म्हणवत नाही. माझी आई तिला पहिला चहा देई, आजारपणात उशाशी बसे. पण उंदराच्या वेळी आईच नाकाला पदर लावून म्हणायची, “माई, तुम्ही बघता का जरा? तुम्हाला त्रास नाही होत.” आणि माई उठायची. ठोंबी आहे, पण गुणाची आहे, असं आजी पाहुण्यांना कौतुकाने सांगायची.

असं होऊ शकतं का? होऊ शकतं, यात शंका नाही. माणसाकडे वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत आणि प्रत्येकाचं आपलं जनुक. २०१४ च्या एका मोजणीप्रमाणे कुठल्याही दोन माणसांत त्यांपैकी तीसएक टक्के ग्राहींच्या कामात फरक निघतो. यातलं सगळ्यांत चांगलं तपासलेलं उदाहरण डुकराचं आहे. नर डुकराच्या लाळेत अँड्रोस्टेनोन नावाचं द्रव्य असतं. त्याचा वास आला की माजावर आलेली मादी जागच्या जागी स्थिर उभी राहते. माणसाच्या घामातही ते थोडं असतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या लोकांनी २००७ मध्ये दाखवलं की ओआर७डी४ या एका जनुकातल्या फरकाने हेच द्रव्य एकाला मुताच्या वासाचं, दुसऱ्याला गोडसर व्हॅनिलासारखं, आणि तिसऱ्याला काहीच वाटत नाही. बाटली तीच. कॉलेजला जाताना नगरसेवेच्या गच्च भरलेल्या बसगाडीत माझी मैत्रीण ओढणीत तोंड खुपसून बसायची आणि मी शेजारी बसून शेव-परमल खात असे. ती नाजूकपणाचं सोंग करते म्हणून मी तिला चिडवायची. तिच्या नाकात काय चाललं होतं ते मला कळायला मार्गच नव्हता, आणि अजूनही नाही. घामात वासाची शेकडो द्रव्यं असतात.

पण हे एकेका द्रव्याचं आहे. एका वासाला जागा नाही म्हणून सगळ्या वासांना दार बंद, असं सहसा होत नाही. करपलेलं दूध, मेलेला उंदीर, तुंबलेली मोरी, आजारी म्हाताऱ्याची चादर: यांतला प्रत्येक वास वेगळ्या रेणूंच्या घोळक्याचा. जन्मतः नाकच नसल्यासारखी माणसंही असतात, पण फारच विरळा. करपलेल्या दुधाचं कारण वास हेच होतं कशावरून? सोळा-सतरा वर्षांची मुलगी, परक्या घरात, चुलीपुढे. तिचं लक्ष कुठे असेल ते मी सांगू शकते.

सजीवांमधल्या या फरकाचा मला पहिला धक्का होळकर सायन्स कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसला. सरांनी पीटीसी नावाच्या रसायनात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या वाटल्या आणि जिभेवर ठेवायला सांगितल्या. माझ्या तोंडात कडू जहर. शेजारचा मुलगा शांतपणे कागद चघळत माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं मी नाटक करते आहे. मागच्या बाकावरची पोरं नळाकडे पळाली. हा फरक १९३१ मध्ये असाच उघडकीला आला: आर्थर फॉक्स नावाचा रसायनतज्ज्ञ ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत भुकटी ओतत होता, ती उडाली, शेजारी काम करणारा कडू-कडू म्हणून ओरडला आणि फॉक्सला काहीच लागलं नाही. दोघांचं भांडण झालं, दोघांनी चाखून बघितलं, आणि दोघंही खरे निघाले. १९३९ साली फिशर, फोर्ड आणि हक्सले या तीन मोठ्या शास्त्रज्ञांनी एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींना हेच साखरपाण्यात घालून पाजलं. काहींनी आनंदाने प्यायलं, काहींनी थुंकून टाकलं. कित्येक वर्षं समजूत अशी होती की हा फरक माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीपासूनचा, एकच. २००६ मध्ये जनुक वाचलं तेव्हा कळलं की चिंपांझींनी कडू न लागण्याची आपली वाट वेगळी शोधलेली आहे. जनुक तेच, बिघाडाची जागा निराळी. बिघाड म्हणते आहे खरी. पण दोन जातींत स्वतंत्रपणे आला आणि इतका टिकला, त्याला बिघाड म्हणवत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं सांवेरकडे शेत आहे. हरभऱ्यात तो घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावतो: हिरवी प्लॅस्टिकची टोपी, खाली लांब पिशवी, आत मादीच्या वासाची रबरी गोळी. सकाळी पिशवीत नर पतंग मोजायचे आणि फवारायचं की नाही ते ठरवायचं. हा सगळा व्यवहार नर सारखेच वागतील या भरवशावर चालतो. ज्याची अळी मका पोखरते अशा युरोपातल्या एका पतंगात मात्र दोन घराणी आहेत. दोन्हींच्या माद्या त्याच दोन रेणूंचा वास सोडतात, पण एकीत पहिला जवळजवळ सगळा आणि दुसरा चिमूटभर, दुसरीत नेमकं उलट. नर आपापल्या प्रमाणाकडेच उडतात. मजा अशी, की वास बनवण्याचं जनुक एका गुणसूत्रावर आणि त्या वासाकडे उडण्याचं दुसऱ्या. हाक मारणारी आणि ऐकणारा यांच्यात कुठलाही धागा नाही, तरी प्रत्येक घराण्यात जुळलेलं आहे. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, आपल्याकडे असं काही नको यायला, पहिलेच सोयाबीनने रडवून ठेवलंय.”

झुरळांचं मात्र त्याने मन लावून ऐकलं, कारण त्यांनी त्याला छळलं आहे. स्वयंपाकघरातली ती लहान, फिकट तपकिरी जात, जिला जर्मन झुरळ म्हणतात. त्यांच्यासाठी विषाची पेस्ट मिळते, ओट्याच्या कडेला ठिपके द्यायचे. त्यात गोडी घातलेली असते. फ्लोरिडात १९९० च्या सुमाराला लक्षात आलं की काही घरांत झुरळं ठिपक्यांकडे फिरकत नाहीत. विष पचवायला शिकली होती असं नव्हे, ती ग्लुकोजलाच तोंड लावत नव्हती. २०१३ मध्ये उलगडा झाला. या झुरळांत ग्लुकोजने गोडाची चेतापेशी जागी होते ती होतेच, पण कडूचीही होते, आणि कडू जिंकतं. फळांतली साखर त्यांना अजून आवडते; ग्लुकोज तेवढं विषासारखं लागतं. असलं एखादं चमत्कारिक झुरळ प्रत्येक काळात जन्मत असणार आणि उपाशी राहून मरत असणार. गोड न खाणारं पोर इंदूरच्या घरात जन्मावं तशी त्याची गत. मग गोडात विष घालणारे आम्ही आलो आणि एकाएकी तेच शहाणं ठरलं. त्याची किंमत त्यांच्या संसारात चुकवावी लागते. नर पंख उचलून पाठीवरचा गोड स्राव मादीला चाटायला देतो, आणि तिच्या लाळेने त्यातलं माल्टोज फुटून ग्लुकोज तयार होतं. ग्लुकोज न सोसणारी मादी दोन घोट घेते आणि मध्येच निघून जाते. पुढच्या अभ्यासांत दिसलं की त्या घराण्यातल्या नरांनी स्रावाची भट्टीही बदलली आणि घाईही वाढवली. मी हे सांगत असताना वहिनी म्हणाली, “बाई, जेवताना नको.”

थंडीत सकाळी मी कृषी महाविद्यालयाच्या आवारात फिरायला जाते. जुनी झाडं, प्रयोगाची शेतं, आणि पहाटे जमिनीतून येणारा ओल्या पाचोळ्याचा आंबूस, उबट वास. मला तो फार आवडतो. बरोबर येणारी शेजारीण तिथे पावलं भरभर उचलते. याच जागेवर १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीतज्ज्ञ राहिले, आणि यशवंत वाडांच्या साथीने शेण, पालापाचोळा, राख, माती यांच्या थरांपासून खत करण्याची पद्धत बसवली. जगात तिला इंदूर पद्धत म्हणतात. आमचे लोक सराफा बाजारातल्या तळलेल्या गराडू कंदाचा जेवढा अभिमान बाळगतात त्याच्या दशांशही याचा बाळगत नाहीत. खताच्या ढिगाशी मला कारण असं, की ज्या प्राण्यात वासाला दिलेल्या प्रतिसादाची जनुकं फार बारकाईने उलगडली गेली, तो अशाच ढिगात राहतो. मिलिमीटरभर लांबीची सूत्रकृमी, सी. एलेगन्स. सडकी फळं, पाचोळा, खत हे तिचं घर. प्रयोगशाळांत जिचा वंश चालू आहे ती १९५१ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळ अळंब्यांच्या खतात सापडली. सिडनी ब्रेनर या जीवशास्त्रज्ञांनी तिच्यावर काम सुरू केलं आणि तिच्या ३०२ चेतापेशींचा पूर्ण नकाशा निघाला. एन-टू हे त्या वंशाचं नाव. जगभर सामान्य सूत्रकृमी म्हणजे एन-टू. बाकीच्या सगळ्या तिच्याशी ताडून बघायच्या.

एन-टू एकटी चरते. बशीत जिवाणूंचा थर पसरला की प्रत्येक कृमी आपापली फिरते. हवाईतल्या अननसाच्या शेतातून आणलेल्या कृमी मात्र थराच्या कडेला एकमेकींत गुंतून पुंजक्याने चरतात. १९९८ मध्ये मारिओ दे बोनो आणि कॉर्नेलिया बार्गमन यांनी कारण शोधलं: एनपीआर-१ नावाच्या प्रथिनात २१५ व्या जागी एका अमिनो आम्लाचा फरक. एवढ्या एका बदलाने प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, एकमेकींच्या अंगचे गंध या सगळ्यांना दिलेलं उत्तर बदलतं. कृमी एकलकोंडी होते किंवा कळपातली. तोवर कोणालाही वाटेल की हवाईच्या कृमीत काहीतरी वेगळं घडलेलं आहे. आणि २००९ मध्ये निघालं की वेगळी आहे ती एन-टू. रानातल्या कृमींकडे सगळीकडे कळपाचंच रूप. एकलकोंडं रूप प्रयोगशाळेत जन्मलं, वंश गोठवून ठेवायची सोय होण्याआधी बशीतून बशीत वाढवताना, आणि बशीतल्या सुखवस्तू राहणीला मानवलं म्हणून पसरलं. इतकी वर्षं ज्या मापाने सगळ्यांना मोजलं ते मापच घरात पाळलेलं, घराच्या चवीचं झालेलं होतं.

हे वाचलं तेव्हा मला आजीचं नाक आठवलं. आमच्या घरात दूध नासलं की नाही, तूप कढलं की नाही, पाहुणा पिऊन आला की नाही, हे आजीच्या नाकाने ठरे. तिला आला तो वास होता. तिला न आलेला वास म्हणजे मनाचे खेळ. धाकट्या काकूला वाटणाच्या लसणीने मळमळे, तिला आयुष्यभर “थेरं” हेच उत्तर मिळालं. माई ठोंबी आणि काकू थेरखोर, असे दोन टोकांचे निकाल लागले, आणि दोन्हींच्या मधे आजी होती.

त्याच कृमीची आणखी एक हकिकत मला अस्वस्थ करते. गर्दी वाढली की कृमी एक गंध सोडतात. अन्न संपणार, थांबा, असा त्याचा अर्थ. तो कळलेली पिल्लं वाढ थांबवून कडक, न खाणाऱ्या अवस्थेत जातात आणि बरे दिवस येईपर्यंत तग धरतात. प्रयोगशाळांतले दोन वंश वर्षानुवर्षं द्रवात, दाटीवाटीने, पण भरल्या ताटावर वाढवले गेले. तिथे हा इशारा खोटा होता. जो ऐकेल तो उगाच थांबेल आणि मागे पडेल. २०११ मध्ये तपासलं तर दोन्ही वंशांनी, आपापलं स्वतंत्रपणे, तो गंध ओळखणारी तीच दोन जनुकं गमावलेली होती. जिथून सुटका नाही अशा गर्दीत न कळणं सोयीचं पडतं. अर्थात हे पिढ्यांचं काम आहे. एका बाईच्या एका आयुष्यात जनुकं अशी गळून पडत नाहीत. तरीही मागच्या खोलीतल्या त्या न लागणाऱ्या खिडकीशी हे वाक्य मी जोडते, आणि जोडू नये हे मला कळतं.

यंदा भाऊबिजेला सगळे आमच्याकडे होते. देवासहून चुलतबहीण आली होती. माई आत्या शेवटची काही वर्षं तिच्याकडे राहिली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी मागच्या पायरीवर बडीशेप चघळत बसलो आणि मी विषय काढला. ती म्हणाली, “अगं, आत्याच्या पदराची गाठ आठवते?” आठवत होती. आम्हाला लहानपणी वाटे, त्यात सुटे पैसे असतात. “कापूर असायचा त्यात. माझ्याकडे आल्यावर मीच धुवायला घ्यायची ना लुगडी. मोरी धुताना गाठ नाकाशी धरायची ती.” माझ्या अंगावर सरसरून काटा आला, आणि मग शिक्षिका जागी झाली. कापूर नुसता वास नाही. त्याचा गारवा नाकातल्या वेगळ्या चेतातंतूंना लागतो, ज्यांना अजिबात वास येत नाही अशा माणसांनाही तो जाणवतो. तेव्हा गाठ हा कशाचाच पुरावा होत नाही. तिला सगळं कळत होतं असं म्हणावं तर कापूर त्यातही बसतो, आणि तिला फक्त कापूरच कळत होता असं म्हणावं तर त्यातही. बहिणीला हे सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तू तिला कधी विचारलं नाहीस?” “तू?” मी म्हटलं. तिनेही नव्हतं विचारलं.

आत पोरांचा गोंधळ वाढला होता. शाळेतल्या माझ्या जुन्या डब्यात पीटीसीच्या पट्ट्या उरल्या होत्या, त्या मी काढल्या. पुतणीने वही घेतली, दोन रकाने आखले, आणि प्रत्येकाच्या जिभेवर पट्टी ठेवून निकाल लिहायला लागली. भाचा बेसिनकडे पळाला. त्याच्या आईला थोडंसं कडू लागलं, तर पुतणीने थोडंसं कुठे लिहू म्हणून विचारलं, तिला रकानाच नव्हता. वहिनी कागद चघळत म्हणाली, “काही नाही वो, नुसता कागद.” एवढं निघायचा अवकाश, की भाऊ ओरडला, “बघा! म्हणून हिची मेथीची भाजी तशी असते!” सगळे हसले, वहिनीही हसली, जराशी. मेथीचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, त्याचे ग्राही वेगळे, या पट्टीवरून मेथीचं काहीही सिद्ध होत नाही, असं मी सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं. मेथी आता वहिनीच्या नावावर लागली.

शेवटी पट्टी काकांपुढे गेली. माई आत्याचे सगळ्यांत धाकटे भाऊ, तिने कडेवर खेळवलेले. त्यांनी पट्टी जिभेवर ठेवली, ओठ मिटले, आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काही हाललं नाही. सगळी मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी पट्टी काढून ताटलीच्या कडेला ठेवली. “काही नाही,” ते म्हणाले, “मावाबाटी आण बरं एक.” काकूंनी मधुमेहाची आठवण करून दिली. त्यांनी एक खाल्ली, लगेच दुसरी मागितली, आणि तांब्याभर पाणी. मी पुतणीला म्हटलं, थांब, लिहू नकोस. पण तिने “नाही”च्या रकान्यात आजोबांचं नाव कधीच लिहून टाकलं होतं, आणि खाली रेघ मारून बेरीज करत होती.